गोदाम जागा निवडतं ते घड्याळ पाहून

शहर मागे पडून तास-दीड तास झालेला असतो. महामार्गाच्या दोन्ही अंगांना शेतं लागलेली असतात आणि मध्येच एक अजस्र पांढरी शेड उभी दिसते. खिडकी नाही. पाटी असलीच तर कोपऱ्यात, छोटीशी. एका बाजूला मात्र ओळीने तीस-चाळीस दारं, आणि दाराला पाठ लावून ट्रक उभे. एवढं मोठं गोदाम इथे कुठे बांधलं, असं कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं असतं: जमीन स्वस्त ना इथे!

उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे, आणि त्यातही धाकटं अर्धं. स्वस्त जमिनीची गावं हजारोंनी असतात. त्यांतल्या मोजक्या गावांत गोदामांची रांग लागते, आणि वीस किलोमीटरवरच्या, त्याहून स्वस्त गावाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. जगात बहुतेक ठिकाणी गेल्या काही वर्षांत मोठ्या शहरांबाहेरच्या, जिल्ह्या-तालुक्याच्या पातळीवरच्या गावांत गोदामांच्या जागेला मागणी वाढली आहे. ती कुठे वाढते आणि कुठे वाढत नाही, हे समजायचं तर जमिनीचा भाव थोडा वेळ बाजूला ठेवून घड्याळ हातात घ्यावं लागतं.

साठवण कमी, हालचाल जास्त

गोदाम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वखार येते. अंधार, पोत्यांच्या थप्प्या, दाराला भलंमोठं कुलूप. माल येऊन पडायचा आणि भाव चढेपर्यंत किंवा गिऱ्हाईक येईपर्यंत पडून राहायचा. आजचं गोदाम याच्या उलट वागतं. पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेला पैसा, त्यामुळे सकाळी आलेलं खोकं रात्री बाहेर पडलं तर मालक खूश. काही ठिकाणी तर माल रॅकवर चढवतही नाहीत. या बाजूच्या ट्रकमधून उतरवला, वर्गवारी केली आणि समोरच्या दाराला लागलेल्या ट्रकमध्ये चढवला. याला क्रॉस-डॉकिंग म्हणतात. अशी इमारत लांबट आणि अरुंद असते, दोन्ही बाजूंना दारंच दारं. कुरियरच्या कंपन्या, भाजीपाल्याचे मोठे वितरक असेच काम करतात.

जरा जवळ जाऊन पाहू. ट्रक मागे मागे येत डॉकला टेकतो. डॉक म्हणजे गोदामाची फरशी. ती बाहेरच्या अंगणापेक्षा साधारण सव्वा मीटर उंच ठेवलेली असते, म्हणजे ट्रकच्या हौद्याच्या पातळीला येते. तरीही चार-सहा इंचांचा फरक पडतोच, कारण भरलेला ट्रक दबलेला असतो आणि रिकामा होत जातो तसा वर उचलतो. त्यासाठी दाराशी लोखंडी पाट बसवलेला असतो, डॉक लेव्हलर. बटण दाबलं की त्याची जीभ हौद्यावर टेकते आणि फोर्कलिफ्ट, म्हणजे पुढच्या काट्यांवर माल उचलणारी छोटी गाडी, सरळ ट्रकमध्ये शिरते. माल सुटा नसतो, पॅलेटवर बांधून आलेला असतो. पॅलेट म्हणजे खालून काटे घालून उचलता येईल असा लाकडी पाट. युरोपात तो १२०० बाय ८०० मिलीमीटरचा चालतो, इतरत्र बऱ्याच ठिकाणी १२०० बाय १०००. सगळं नीट जमलं तर भरलेला ट्रेलर तासाभराच्या आत रिकामा होतो. हीच पोती माणसांच्या पाठीवरून उतरवायची तर अर्धा दिवस जातो.

फोर्कलिफ्ट तो पॅलेट घेऊन रॅकपाशी जाते आणि दहा मीटर वर उचलते. इथे एक बारकी गोष्ट आहे. तिच्या दोन चाकांत साधारण मीटरभर अंतर असतं. त्या एका मीटरात फरशी जेमतेम ३ मिलीमीटर कलती असली, तरी दहा मीटर उंचीवर काटे ३ सेंटिमीटर बाजूला झुकतात. वर टनभर वजन, खाली माणसं. म्हणून या धंद्यातला माणूस नवी शेड बघायला आला की छपराकडे कमी आणि फरशीकडे जास्त बघतो. नुसता पत्रा ठोकून, खाली कोबा करून कुणी "गोदाम तयार आहे" म्हणत असेल, तर त्याला भाडेकरू मिळेल, पण मोठा मिळणार नाही.

शहरातली जुनी गोदामं याच परीक्षेत नापास होतात. त्यांची आतली उंची सहा-सात मीटरच्या आसपास असते. नव्या शेडमध्ये बारा मीटर मोकळी उंची ही आता साधी अपेक्षा झाली आहे, आणि यंत्रांनी चालणारी गोदामं तीस मीटरच्याही वर जातात. भाडं बहुतेक फरशीच्या क्षेत्रफळावर ठरतं, माल मात्र घनफळात मावतो. उंची दुप्पट झाली की त्याच भाड्यात जवळजवळ दुप्पट माल बसतो. शिवाय सोळा मीटर लांबीचा ट्रेलर वळवायला मोकळं अंगण लागतं. इमारत, अंगण, ट्रक उभे करायची जागा, आगीसाठी पाण्याची टाकी असं सगळं धरलं तर प्लॉटच्या साधारण निम्म्या भागावरच छप्पर पडतं. एवढा सलग, चौकोनी, सपाट तुकडा शहरात मिळत नाही, आणि मिळालाच तर त्यावर फ्लॅट बांधणारा गोदामवाल्याच्या कितीतरी पट पैसे मोजायला तयार असतो.

पेटी उघडायची कुठे?

पूर्वी गोदामं बंदराला चिकटून असायची. तसं असायला कारण होतं: जहाजातला माल पोतं पोतं, पिंप पिंप करून उतरवावा लागे आणि उतरवला की लगेच कुठेतरी ठेवावा लागे. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' नावाचं, मुळात तेलवाहू असलेलं एक जहाज अमेरिकेत न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. त्याच्या डेकवर ५८ धातूच्या पेट्या होत्या. माल्कम मॅकलीन या ट्रकवाल्याची ती कल्पना. पेटी कारखान्यात भरायची, कुलूप लावायचं, ट्रकवरून जहाजावर आणि जहाजावरून पुन्हा ट्रकवर ती तशीच उचलायची.

या एका गोष्टीने बंदरालगतच्या वखारींचा पायाच काढून घेतला. पेटी आता बंदरातच उघडायची गरज उरली नाही, ती तीनशे किलोमीटर आत उघडली तरी चालत होती. लंडनच्या मध्यभागाजवळच्या जुन्या गोद्या १९८१ पर्यंत एकेक करून बंद झाल्या. जहाजं टिलबरी, फेलिक्सस्टोकडे वळली आणि गोदामं देशाच्या पोटात शिरली. अमेरिकेत लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जोडबंदरांतून निघालेल्या पेट्या पूर्वेकडच्या रिव्हरसाइड आणि सॅन बर्नार्डिनो जिल्ह्यांत उघडू लागल्या. एकेकाळी संत्र्यांच्या बागांसाठी ओळखला जाणारा तो मुलूख आज जगातल्या सर्वांत दाट गोदाम-पट्ट्यांपैकी एक आहे.

थोडक्यात, गोदाम बंदरापासून सुटं झालं. सुटं झालं म्हणजे कुठेही जाऊ शकतं असं वाटेल, पण तसं झालं नाही. दावं सुटलं आणि लगेच दुसरं बसलं.

साडेचार तासांचं वर्तुळ

ते दुसरं दावं ट्रकचालकाचं. युरोपात, आणि युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही ब्रिटनमध्ये, नियम असा आहे: चालकाने सलग साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती घ्यायचीच, आणि दिवसभरात एकूण ९ तासच चालवायचं, आठवड्यातून दोनदा १० तासांची मुभा. गाडीत बसवलेलं यंत्र हे सगळं नोंदवतं, त्यामुळे थापा चालत नाहीत.

आता हिशेब करा. सकाळी गोदामातून निघालेला चालक संध्याकाळी त्याच गोदामात परतायला हवा असेल, तर जायला जास्तीत जास्त साडेचार तास आणि यायला साडेचार. मध्ये सक्तीची विश्रांती आणि माल उतरवणं. यापलीकडे गिऱ्हाईक असेल तर चालकाचा मुक्काम आला, दुसरा चालक आला, खर्च एकदम उडी मारतो. म्हणजे नकाशावर गोदामाभोवती साडेचार तासांचं, सावधगिरीने धरलं तर चार तासांचं, एक वर्तुळ काढायचं आणि विचारायचं: या वर्तुळात माणसं किती येतात?

इंग्लंडमध्ये हा प्रश्न विचारला की बोट मधल्या मुलखावर येऊन थांबतं. एम-१, एम-६ आणि एम-४२ या महामार्गांच्या मधल्या पट्ट्याला तिथले लोक 'सोनेरी त्रिकोण' म्हणतात. तिथून ब्रिटनची जवळपास नव्वद टक्के लोकसंख्या चार तासांच्या टप्प्यात येते, असं नेहमी सांगितलं जातं. लटरवर्थ हे तिथलं छोटंसं गाव. त्याच्या शेजारच्या बंद पडलेल्या विमानतळाच्या जमिनीवर १९८० च्या दशकाअखेरीस गोदामांची वसाहत उभी राहू लागली आणि पुढे ती युरोपातल्या सर्वांत मोठ्या वसाहतींत गणली गेली. लटरवर्थमध्ये बंदर नाही, मोठा बाजार नाही. आहे ते फक्त नकाशावरचं ठिकाण.

नियम बदलला की वर्तुळ बदलतं. अमेरिकेत चालकाला १४ तासांच्या कामाच्या दिवसात ११ तास चालवता येतं, म्हणून तिथली वर्तुळं मोठी आणि गोदामं एकमेकांपासून लांब. जिथे मोठ्या शहरांत दिवसा अवजड वाहनांना बंदी असते, तिथे वेगळाच खेळ: बंदीच्या हद्दीबाहेरचं पहिलं गाव आपोआप ट्रकचा तळ होतं, आणि ट्रक थांबतो तिथे आज ना उद्या गोदाम येतं.

विमानाने जाणाऱ्या मालाचंही असंच. १७ एप्रिल १९७३ च्या रात्री अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातून फेडेक्सची सेवा सुरू झाली. पहिल्या रात्री १४ विमानं, २५ शहरं आणि एकूण पार्सलं फक्त १८६. न्यूयॉर्क किंवा शिकागो सोडून मेम्फिस का? देशाच्या साधारण मध्यावर असल्याने रात्रीत सगळीकडून येऊन पहाटेपर्यंत सगळीकडे पोचता यायचं, आणि खराब हवेमुळे तिथला विमानतळ क्वचितच बंद राहायचा. पुढे अनेक वर्षं ते जगातल्या सर्वाधिक मालवाहू विमानतळांच्या यादीत अव्वल होतं.

आता मूळ प्रश्नाकडे. देशाच्या मध्यावर एकच मोठं गोदाम ठेवून भागत असेल, तर लहान-मोठ्या सगळ्या प्रांतांत मागणी का वाढते आहे? याचं मुख्य कारण गिऱ्हाइकाला दिलेल्या शब्दात दडलं आहे. माल आठवड्यात पोचवण्याचा शब्द असेल तर अख्ख्या देशाला एक गोदाम पुरतं. परवाचा शब्द दिला की तीन-चार लागतात. 'उद्या सकाळी' म्हटलं की प्रत्येक प्रांतात एक हवंच, आणि 'आज' म्हटलं तर प्रत्येक शहराच्या वेशीवर. शब्दाची मुदत आकसली की वर्तुळ आकसतं, आणि वर्तुळं आकसली की त्यांची संख्या वाढते. पूर्वी हा शब्द फक्त महानगरांतल्या गिऱ्हाइकाला मिळायचा. आता तालुक्याच्या ठिकाणचा माणूसही फोनवरून मागणी नोंदवतो आणि उद्याच माल हवा म्हणतो. गोदाम शहरातून हाकललं गेलं म्हणून गावाकडे आलं, हे खरं आहे; पण गिऱ्हाईकच तिकडे आहे म्हणूनही आलं, हे जास्त खरं आहे.

किती गोदामं पुरेत?

जास्त गोदामं म्हणजे जलद पोच, मग प्रत्येक गावात एक का बांधत नाहीत? कारण प्रत्येक गोदामात थोडा शिलकी साठा ठेवावा लागतो. कुठल्या आठवड्यात कुठे किती खपेल हे आधी कळत नाही, त्यासाठीची ती गंगाजळी. एका प्रांतात खप अचानक वाढतो तेव्हा दुसऱ्यात घटलेला असू शकतो. साठा एकाच जागी असेल तर हे चढ-उतार एकमेकांत जिरतात. सोळा जागी वाटलेला असेल तर जिरत नाहीत.

यासाठी एक सुटसुटीत ठोकताळा आहे: शिलकी साठा गोदामांच्या संख्येच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. १६ गोदामांची ४ केली, तर १६ चं वर्गमूळ ४ आणि ४ चं २, म्हणजे गंगाजळी निम्म्यावर येते. प्रत्यक्षात सगळ्या प्रांतांचे खप एकमेकांपासून इतके स्वतंत्र नसतात, त्यामुळे बचत याहून कमी होते, पण दिशा बरोबर आहे. म्हणून प्रत्येक कंपनी दोन बाजूंनी ताणली जाते. साठा म्हणतो एकत्र या, घड्याळ म्हणतं पसरा.

कधीकधी या दोघांच्या आधी करच निर्णय घेऊन टाकतो. भारतात जीएसटी येण्याआधी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्री केली की केंद्रीय विक्रीकर लागायचा, पण स्वतःच्याच दुसऱ्या राज्यातल्या गोदामात माल नुसता हलवला तर तो टळायचा. परिणामी कंपन्यांनी राज्यागणिक एकेक छोटं गोदाम थाटलं, गरज असो वा नसो. १ जुलै २०१७ पासून ते कारण संपलं. छोटी गोदामं एकत्र होऊन मोठी झाली आणि महामार्गांच्या जोडांवर सरकली. कराने काढलेला नकाशा पुसून रस्त्यांनी तो पुन्हा काढला, असं म्हणायला हरकत नाही.

तिसरा ताण भीतीचा. २०११ मध्ये जपानच्या भूकंपाने आणि त्याच वर्षी थायलंडच्या पुराने कारखान्यांच्या साखळ्या तुटल्या. २०२० ची साथ सगळ्यांना आठवते. २०२१ च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' हे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं होऊन सहा दिवस अडकलं आणि जगभरचे खरेदी-विभाग नकाशा घेऊन बसले. 'लागेल तेव्हाच आणू' म्हणणारे 'लागलं तर असू दे' म्हणू लागले. असू द्यायचं म्हणजे कुठेतरी ठेवायचं. हा राखीव साठा रोज हलत नाही, त्यामुळे तो शहराजवळच्या महागड्या जागेत ठेवण्यात अर्थ नसतो. तो दूर जातो. मालाची अशी वेगानुसार पांगापांग होते: भराभर खपणारं शहराच्या वेशीवर, संथ खपणारं प्रांतात आत, राखीव त्याहून आत. माझ्या मते दूरच्या गावांतली मागणी समजून घ्यायची ही सर्वांत उपयोगी किल्ली आहे. तुमच्या गावी येणारं गोदाम यांतलं कोणतं, यावर तिथे दिवसाला चारशे ट्रक येणार की चाळीस, हे ठरतं.

ऑनलाइन विक्री आणखी जागा खाते. दुकानाला माल पाठवताना अख्खा पॅलेट जातो. घरी पाठवताना एकेक वस्तू हाताने काढून, डब्यात घालून, चिकटपट्टी मारून जाते. वर परत आलेल्या वस्तू तपासायला वेगळा कोपरा. तेवढ्याच विक्रीला दुकानांच्या मानाने सुमारे तिप्पट जागा लागते, असं या व्यवसायात धरून चालतात.

मग स्वस्त जमिनीचं काय?

आता ते धाकटं अर्धं. माल कारखान्यातून गिऱ्हाइकापर्यंत पोचवण्याच्या एकूण खर्चात सर्वांत मोठा वाटा वाहतुकीचा असतो. गोदामाचं भाडं साधारणपणे दहाव्या हिश्श्याहूनही कमी. समजण्यासाठी एकूण खर्च १०० धरा, त्यात वाहतूक ५० आणि भाडं ६. दूरच्या गावी गेलात आणि भाडं चक्क निम्मं झालं: वाचले ३. पण लांब गेल्यामुळे वाहतूक दहा टक्क्यांनी वाढली: गेले ५. जमीन फुकटात मिळाली असती तरी फायदा जेमतेम एकाचा. वीस किलोमीटरवरच्या त्या 'आणखी स्वस्त' गावाकडे कुणी का बघत नाही, याचं उत्तर या चार आकड्यांत आहे.

उलट काही गावं महाग असूनही परवडतात, आणि त्याचं कारण परतीचा माल. माल पोचवून रिकामा परतणारा ट्रक डिझेल, चालक, टायर सगळं तेवढंच खातो. ज्या गावातून बाहेर जायलाही काहीतरी असतं, धान्य, फळं, कारखान्याचे सुटे भाग, तिथे येणारा ट्रक भरून परततो आणि दोन्ही बाजूंचा दर खाली येतो. शेतीमालाच्या मुलखात शीतगृहं वाढतात त्याला हेही एक कारण आहे. शिवाय काढणीनंतर जितक्या लवकर माल थंड होईल तितका तो टिकतो, म्हणून शीतगृह खाणाऱ्याच्या नव्हे, पिकवणाऱ्याच्या जवळ लागतं.

वीज आणि माणसं या दोन गोष्टी जाहिरातींत कमी आणि व्यवहारात जास्त बोलल्या जातात. यंत्रांनी चालणारं गोदाम, त्यातून शीतगृह, त्यातून उद्याचे विजेवरचे ट्रक: उपकेंद्रात क्षमता नसेल तर जोडणीला वर्षं लागतात आणि तयार शेड नुसती उभी राहते. आणि तीन पाळ्यांत काम करायला पाऊण तासाच्या अंतरात पुरेशी माणसं हवीत. छोट्या गावात पहिल्या गोदामाला ती मिळतात. तिसऱ्याला मिळत नाहीत.

म्हणूनच बंद पडलेल्या मोठ्या कारखान्यांच्या जागा गोदामांना फार मानवतात. जर्मनीत ड्यूसबुर्ग शहरातल्या ऱ्हाइनहाउझनचा पोलाद कारखाना १९९३ मध्ये बंद झाला. त्या जमिनीवर आज नदी, रेल्वे आणि रस्ता तिन्ही जोडणारं मोठं मालवाहतूक केंद्र आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमच्या भट्ट्या १९९५ मध्ये विझल्या आणि त्या कारखान्याच्या जमिनीचा मोठा भाग पुढे गोदामांखाली गेला. रेल्वेचा फाटा, जाड वीजवाहिनी, सपाट केलेली जमीन आणि पाळीत काम करायची सवय असलेलं गाव, सगळं आयतं.

भाड्यापलीकडचा पैसा

एवढ्या शेड बांधायला पैसा कोण घालतं? बऱ्याचदा ज्याचा माल आत असतो तो नाहीच. पेन्शन फंड, विमा कंपन्या, मालमत्तेत गुंतवणारे फंड शेड विकत घेतात आणि दहा-पंधरा वर्षांच्या कराराने भाड्याने देतात. शेड वर्षभरात उभी राहते, देखभाल कमी, भाडेकरू एकच. ऑफिसच्या इमारतीपेक्षा डोकेदुखी थोडी.

त्यांची मोजपट्टी म्हणजे परतावा: वर्षाचं भाडं भागिले किंमत. भाडं ६ आणि बाजारात ६ टक्के परतावा चालतो, तर शेडची किंमत १००. गुंतवणूकदार हावरे झाले आणि ५ टक्क्यांवरही समाधान मानू लागले, तर त्याच भाड्याला किंमत १२०. भाडं पैशानेही वाढलेलं नाही, पत्रा तोच, तरी किंमत वीस टक्के वर. २०२२ मध्ये जगभर व्याजदर चढले तेव्हा हेच गणित उलटं फिरलं. त्यामुळे "गोदामांच्या किमती वाढल्या" अशी बातमी वाचली की भाडं वाढलं की फक्त परताव्याची अपेक्षा बदलली, हे आधी बघावं.

दूरच्या गावातल्या शेडला गुंतवणूकदार जास्त परतावा मागतो, म्हणजे त्याच भाड्याला कमी किंमत देतो. कारण साधं आहे: भाडेकरू सोडून गेला तर दुसरा कधी मिळेल? मोठ्या पट्ट्यात महिन्या-दोन महिन्यांत मिळतो, एकट्या गावात दोन वर्षंही जातील. आणि भाडेकरू जातात. साथीच्या काळात अ‍ॅमेझॉनने धडाक्याने जागा घेतली आणि २०२२ मध्ये ती गरजेपेक्षा जास्त झाल्याचं स्वतःच जाहीर केलं. एवढ्या मोठ्या कंपनीचा अंदाज चुकतो, तिथे एका भाडेकरूसाठी मोजमाप घेऊन बांधलेली शेड हा जुगार आहे हे मालकाने धरूनच चालावं.

गावाच्या वाट्याला काय येतं

नोकऱ्या येतात, पण तेवढ्याच जागेवरच्या कारखान्याच्या मानाने सहसा कमी, आणि यंत्रं येतील तशा आणखी कमी. ट्रक येतात हे नक्की. रस्त्याचं नुकसान वजनाच्या सरळ प्रमाणात होत नाही. १९५० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत इलिनॉयमध्ये मुद्दाम रस्ते बांधून, त्यांवर दोन वर्षं ट्रक फिरवून जो प्रयोग झाला, त्यातून असा ठोकताळा निघाला की झीज एका आसावरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. एका टनाच्या आसाशी दहा टनांच्या आसाची तुलना केली तर वजन दहापट आणि झीज दहा हजारपट. मोटारी आणि दुचाकींसाठी केलेला गावचा रस्ता दोन पावसाळ्यांत का उखडतो, हे यावरून कळेल. जोडरस्ता कोण बांधणार आणि दहा वर्षं कोण राखणार, हे परवानगीच्या कागदावर आधीच लिहून घेणारी गावं शहाणी.

पाण्याचंही बघावं लागतं. एक हेक्टर छपरावर १० मिलीमीटर पाऊस पडला की एक लाख लिटर पाणी होतं. शेतात ते बरंचसं मुरलं असतं, इथून ते एकदम वाहत निघतं, आणि उतारावर कुणाचं तरी घर असतंच.

नेदरलँड्समध्ये तर शेतांमधल्या या शेडमुळे नवा शब्दच रुळला आहे, 'फरडोझिंग'. डोस म्हणजे खोकं. मराठीत त्याला खोकेकरण म्हणता येईल. २०१९ मध्ये तिथल्या सरकारी सल्लागारांनीच इशारा दिला की ही खोकी कुठेही विखरू देऊ नका, ठरावीक पट्ट्यांत एकत्र आणा. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या हवा-नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये वेगळा मार्ग धरला: एक लाख चौरस फुटांपेक्षा मोठ्या गोदामांनी तिथे येणाऱ्या ट्रकच्या धुराची जबाबदारी घ्यायची, त्यासाठी विजेवरचे ट्रक, चार्जिंगची सोय, छतावर सौर पॅनेल असे उपाय करून दरवर्षी ठरलेले गुण मिळवायचे. ट्रक आमचे नाहीत, हा बचाव त्यामुळे चालेनासा झाला.

रस्त्यालगत जमीन असलेले लोक हमखास विचारतात: आमच्याकडे येईल का गोदाम? त्यांनी दलालाला फोन लावण्याआधी एक दिवस माल भरलेल्या ट्रकमध्ये चालकाशेजारी बसावं. आपल्या बांधापासून महामार्गाच्या तोंडापर्यंत, आणि तिथून सर्वांत जवळच्या मोठ्या शहराच्या वेशीपर्यंत, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळच्या गर्दीत. अरुंद पुलावर समोरचा ट्रेलर जाईपर्यंत थांबलेली मिनिटंही धरायची. आणि उतरताना चालकाला विचारायचं, परतताना इथून भरायला काही मिळतं का.